डाव्या पायाचं दुसरं बोट

आमच्या घरमालकांचा या जगात कशावरच विश्वास नव्हता, आणि सगळ्यांत कमी होता तो स्वतःच्या आडनावावर. सातबाऱ्यावर, मतदार यादीत, दारावरच्या पत्र्याच्या पाटीवर, सगळीकडे 'घोंगडे' असंच लिहिलेलं होतं. पण पाटीकडे बघताना ते नेहमी एक डोळा बारीक करत, जणू कोणी परका माणूस त्यांच्या दारावर नाव लावून गेला आहे. "आपला पूर्वज घोंगड्या इकायचा, म्हनून घोंगडे, असं म्हन्तेत," ते मला सांगत. "ज्यानं साऱ्या घोंगड्या इकून टाकल्या त्याला घोंगडे काहून म्हनावं? ज्यानं इकत घेतल्या त्याला म्हना की." हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शाळेत मी अकरा वर्षं ग्रंथपाल होतो, पण या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या एकाही पुस्तकात मिळालं नाही.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हा मी त्यांच्याकडे खोली मागायला गेलो. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "चप्पल काढा," म्हणाले. मला वाटलं, आत बोलावताहेत. काढली. ते बाजेवरून वाकले आणि माझ्या डाव्या पायाकडे बराच वेळ बघत राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "तुमी आमचे न्हाई. खोली भेटंल." त्यांच्या घराण्यात डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, अशी त्यांची खात्री होती. तसं बोट असलेला माणूस आडनाव काहीही सांगो, तो मुळात भाऊबंद, आणि भाऊबंदाला घरात घेतलं की तो आज खोली मागतो आणि उद्या वाटणी. माझा अंगठा लांब निघाला म्हणून मला डोक्यावर छप्पर मिळालं. माझा चेहरा त्यांनी तिसऱ्या दिवशी पाहिला असावा, कारण त्या दिवशी अंगणात मला बघून त्यांनी विचारलं, "कोन पाहिजे?" मग नजर खाली गेली आणि म्हणाले, "हां, सर व्हय!"

थोडी कोरडवाहू जमीन होती, ती बटाईनं दिलेली, त्यामुळे संशय घ्यायला वेळ भरपूर. सकाळी ते मारुतीच्या देवळात जात, पण गाभाऱ्यात क्वचितच. लोक पायताण काढतात त्या पायरीवर पेपर उघडून बसायचं आणि पेपराच्या खालच्या कडेवरून येणारे पाय बघायचे. लांब बोटाचे पाय निघाले पुष्कळ. दुपारी जेवताना ते गंभीरपणे सांगत, "आज आनखी सात सापडले. एक तर जीपवाला हाये. सेनगावला नेताना माझ्याकडून बराबर भाडं घेते, घरचा मानूस असून!"

जुन्या जमिनीचे निजामाच्या काळातले उर्दू कागद त्यांच्याकडे होते. ते त्यांनी हिंगोलीतल्या एका म्हाताऱ्या मौलवींकडून वाचून घेतले. मौलवींनी वाचलेलं खरं का, हे पाहायला दुसऱ्याकडून वाचून घेतलं. दोघांचं वाचन शब्दाशब्दाला जुळलं, तेव्हा त्यांना दाट संशय आला की हे दोघे आधी एकमेकांना भेटले आहेत.

दोन-तीन वर्षांनी सुगीनंतर वंशावळ सांगणारा भाट यायचा. कापडात बांधलेली पोथी उघडून पिढ्यान् पिढ्या धडाधडा वाचायचा आणि धान्य, धोतर घेऊन पुढच्या गावाला जायचा. सारं गाव हात जोडून ऐके. आमच्या घरमालकांनी एका वर्षी त्याला मध्येच थांबवून विचारलं, "अन् आमचे गनोजी? त्यायचं काहून सोडून राह्यला?" असा कोणी गणोजी नव्हताच. आदल्या दिवशी आंघोळ करताना त्यांनी तो तयार केला होता. भाटानं क्षणभर पोथीत पाहिलं आणि गणोजीला घोड्यावर बसवलं, पैनगंगेच्या काठी त्याच्याकडून वाघ मारवला, दोन बायका दिल्या. भाट गेल्यावर घरमालक आनंदानं मांडीवर थापा मारत होते. "पाहा सर, माझ्या डोक्यातला मानूस, त्याला ह्यानं लग्न करून देलं!" पण चार दिवसांनी ते माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला. "सर, वाघाची जागा त्यानं लई बराबर सांगितली. गनोजी असंल बी."

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. हसण्यासारखं नव्हतं ते त्यांच्या लेकीचं. मी आलो तेव्हा सुमन सतरा वर्षांची होती, परकर सोडून नुकती साडी नेसायला लागलेली. आई तिच्या लहानपणीच गेली होती. घर आत्या सांभाळायच्या, म्हणजे घरमालकांची धाकटी बहीण, तरुणपणीच साखऱ्याच्या सासरहून माघारी आलेली. सुमनला स्थळं चांगली यायची. पाहुणे पोहे खायचे, देवक विचारायचे, देवक वेगळं निघायचं. ज्यांचं देवक एक ते भाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही, एवढं कोणालाही ठाऊक असतं. पण देवक लोक सोयीनं सांगतात असा यांचा संशय. मग नजर बाजेखाली जायची. एक मुलगा बूट-मोजे घालून आला होता. तो निघून गेल्यावर हे म्हणाले, "जो पाय झाकते, तो काय काय झाकत असंल!" आठ-नऊ वर्षांत किती स्थळं बोटावरून परत गेली ते मी मोजलं नाही. शेवटी शिरड शहापूरचा एक मुलगा आला, शाळेत शिक्षक, शांत. सुमनला तो आवडला, हे पोह्यांच्या बशीवरूनसुद्धा कळत होतं. त्याचं दुसरं बोट अंगठ्याच्या चांगलं पुढे होतं. नकार गेला. पण मुलगा हटेना, आणि या वेळी सुमनही गप्प बसली नाही. "बाबा, माझं वय त्या बोटापेक्षा लांब झालं," ती म्हणाली.

एवढा संशय कशासाठी, हे मला आत्यांनीच एकदा ज्वारी निवडताना सांगितलं होतं. वडील लवकर गेले, तेव्हा एकोणीस वर्षांच्या या भावानं बहिणीची सोयरीक जमवली. देवक नीट विचारलं नाही. आत्यांना दोन लेकरं झाली आणि दोन्ही गेली. मग सासरच्यांनी शोध लावला की देवक एकच आहे, रक्ताला रक्त लागलं, आणि त्यांना माहेरी आणून सोडलं. "तवापासून दादा लोकायचे पाय पाहून राह्यला," आत्या म्हणाल्या आणि सुपातला खडा बाहेर टाकला.

शिक्षक मुलाचा हा वाद चालू असतानाच हिंगोलीच्या कॉलेजात बाहेरगावचे काही संशोधक आले होते. या भागातले लोक मुळात कुठून आले, याचा ते रक्तावरून अभ्यास करत होते. त्या शिक्षक मुलानंच ही बातमी आणली. मी रक्त देतो, तुम्हीही द्या, काय ते एकदा कळू द्या, असं तो म्हणाला. घरमालकांनी सुईकडे, बाटलीकडे, बाटलीवरच्या चिठ्ठीकडे संशयानं पाहिलं, चिठ्ठीवरचं नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि हात पुढे केला. निकाल पोस्टानं नको, पोस्टमनचं बोट लांब आहे, अशी अट घातली.

बऱ्याच महिन्यांनी त्या संशोधकांतल्या एक तरुण बाई खरंच घरी आल्या. दुपारची वेळ होती. तो मुलगाही आला होता. मला साक्षीदार म्हणून बसवलं होतं. बाई सावकाश, समजेल असं बोलल्या. बापाकडून मुलाकडे जाणारी एक खूण रक्तात असते. तुमची आणि यांची खूण एकाच मोठ्या गटातली आहे.

घरमालकांनी माझ्याकडे पाहिलं. ते जिंकले होते, पण चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. सुमन उठून उभी राहिली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हा गट हजारो वर्षांपूर्वीचा आहे. आम्ही इथे ज्यांचं रक्त घेतलं त्यांतल्या कितीतरी लोकांत तो सापडला. आडनाव कोणतंही, जात कोणतीही, बौद्ध कुटुंबांतसुद्धा, मोठ्या जमीनदारांतसुद्धा. याला जवळचं नातं म्हणत नाहीत."

"अन् बोट?"

बाईंनी सँडल काढून डावा पाय पुढे केला. दुसरं बोट अंगठ्याच्या पुढे होतं. "मी कोकणातली," त्या म्हणाल्या.

घरमालक त्या पायाकडे बघत राहिले. "म्हंजी साऱ्या तालुक्यात सोयरीक करायला कोनी राह्यलंच न्हाई."

"न्हाईतर सारेच राह्यले," सुमन म्हणाली. "दोन्हीतलं कोन्तं धरता, बाबा?"

घरमालकांनी बाईंना अगदी हळू आवाजात विचारलं, "माझ्या बहिनीची दोन लेकरं गेली. देवक एक व्हतं. त्याच्यानंच गेली का?"

"अगदी जवळच्या नात्यात लग्न झालं तर काही आजारांची भीती असते. पण नुसतं देवक एक म्हणजे जवळचं नातं नाही. लेकरं गेली कशानं?"

घरमालकांना ते माहीत नव्हतं. जो माणूस जीपवाल्याच्या पणजोबाचं गाव विचारायचा, त्याला हे माहीत नव्हतं.

"गोवर आला व्हता," स्वयंपाकघराच्या दारातून आत्या म्हणाल्या. चहाचा ट्रे हातात तसाच होता. "एका पंधरवड्यात दोन्ही गेली. गल्लीतली आनखी चार गेली. त्यायचं बी देवक एकच व्हतं का?"

"तू मला कवा सांगितलं न्हाई."

"तू इचारलं कवा, दादा?"

चहा निवून गेला. लग्न त्याच वैशाखात झालं. मांडवात घरमालक एकदाही खाली बघत नव्हते. त्यामुळे दोनदा ठेचकाळले.

त्यानंतर आणखी वर्षभर मी त्या घरात होतो. देवळाच्या पायरीवर जाणं त्यांनी सोडलं. रोज संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे आणि आत्या भाकरी थापताना एखादाच प्रश्न विचारायचे. थोरला कोणासारखा दिसायचा? चालायला लागला होता का? धाकटीला काय आवडायचं? आत्या भाकरी उलटून मग उत्तर द्यायच्या. दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं, आणि मी पुस्तक मिटून ठेवायचो.

गेल्या महिन्यात घरमालक गेले. कळलं तसा मी दहाव्याला गोरेगावला जाऊन आलो. अंगणात सुमन, जावई, त्यांची दोन मुलं होती. आत्या मात्र स्वयंपाकघरातच, चुलीपाशी. मी उंबऱ्यावर टेकलो. आत्या म्हणाल्या, "धाकटीच्या बारशाचं सांगायचं राह्यलं त्याला, सर. त्यानं इचारलं व्हतं. मी म्हनलं, उद्या सांगते."