पुलावर धरलेला हात

१९७२ साल. मी एकोणीस वर्षांचा. आणि यापुढचं जे आहे ते मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं — या दसऱ्यापर्यंत. बायकोलाही नाही. ती बिचारी लोकांना ठाऊक असलेली गोष्टच आल्यागेल्याला रंगवून सांगायची, आणि मी शेजारी बसून सुपारी कातरायचो. तिला थांबवावं असं वाटलं नाही? वाटलं. थांबवलं नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिताना चुकेन, ते चालवून घ्या.

आधी घराचं सांगतो, त्याशिवाय कळायचं नाही. आम्ही झाशीचे दक्षिणी — इथले लोक आम्हाला तसंच म्हणतात. दाराच्या आत मराठी, दाराबाहेर हिंदी, असं पिढ्यान् पिढ्या चालत आलं. आमचे खापरपणजोबा सत्तावनात किल्ल्याच्या बुरुजावर होते. पोरगं अंधाराला भ्यालं की वडील एवढंच म्हणायचे, बुरुजावरचं रक्त आहे आपलं. आता अशा घरात तुम्ही कसं सांगाल, की खाली वाहतं पाणी दिसलं की माझे पाय लटपटतात? ओरछ्याला बेतवा नदीवर एक सखल पूल आहे. तांग्यातून तो ओलांडताना मी मधे बसायचो आणि डोळे मिटून घ्यायचो. आई कौतुकाने म्हणायची, देवाचं नाव घेतोय.

त्या साली एका ठेकेदाराने पळायची शर्यत भरवली. झाशीतल्या ओरछा गेटपासून निघायचं, सडकेने ओरछा गाठायचं, बेतवाचा पूल ओलांडायचा, पलीकडे फीत. पहिल्या तिघांना तो मुकादम म्हणून पक्क्या कामावर घेणार होता. मग काय, शहरातली सगळी रिकामी पोरं आली. त्यात मी आणि लक्ष्मी गेटजवळ राहणारा रामसेवक. रामसेवकला बाप नव्हता, आई लोकांकडे दळण-कांडण करायची. त्याला ते काम माझ्यापेक्षा जास्त हवं होतं. आणि तो माझ्यापेक्षा चांगला पळायचा — हे वाक्य लिहायला मला आत्ता बराच वेळ लागला.

पूल आहे हे माहीत असून मी गेलो कशाला? न जायला कारण काय सांगणार होतो?

पावसाळ्यात पुराचं पाणी पुलावरून जातं, म्हणून कठड्याचे लोखंडी पाइप काढून ठेवतात. दसरा होऊन गेला होता तरी त्या साली ते परत बसवले नव्हते. पूल नागडा. दोन्ही बाजूंना नुसतं पाणी, आणि वर पुराचा ओला गाळ. रामसेवक पहिला होता, त्याच्यामागे मी, बाकीचे बरेच मागे. मी पुलावर शिरलो. मध्यापर्यंत गेलो — आणि पाय माझे राहिले नाहीत. पूल उभाच होता, पण मला वाटलं तो पाण्याबरोबर चाललाय.

तेवढ्यात पुढे रामसेवकचा पाय गाळावरून सटकला. एक गुडघा टेकला त्याने, बस. पुलाच्या अगदी मधोमध. कडा त्याच्यापासून लांब होती. तो उठतही होता.

मी कसाबसा त्याच्यापर्यंत पोचलो आणि त्याचा हात धरला. दोन्ही हातांनी. धरला आणि खाली बसलो.

तो म्हणाला, "छोड़ो भैया, हम ठीक हैं."

मी सोडला नाही. त्याने हिसका दिला, मी आणखी घट्ट धरला. बुडणारा माणूस धरतो तसा — फक्त मी कोरडा होतो. मागची पोरं आमच्या बाजूने पळत गेली. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. प्रत्येक जण गेला की रामसेवक पुन्हा हात ओढून बघायचा.

काठावरून माणसं धावत आली. काय झालं म्हणून विचारलं. मी घाबरलो, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण मी म्हणालो, "ये पुल के किनारे पे चला गया था."

रामसेवक माझ्याकडे बघत राहिला. मग स्वतःच्या पायांकडे.

पुढचं सगळ्या शहराला ठाऊक आहे. दक्षिण्याच्या पोराने जिंकत आलेली शर्यत सोडली आणि दोस्ताचा जीव वाचवला! ठेकेदाराचे डोळे भरून आले. चौथी मुकादमी त्याने माझ्यासाठी काढली. रामसेवकला काही मिळालं नाही. तो त्याच ठेकेदाराकडे विटा वाहायला लागला, माझ्या हाताखाली. आमच्या गणपतीत मला शाल-नारळ दिला. वडील म्हणाले, बुरुजावरचं रक्त. आणि रामसेवकला पोरं चिडवायची — पुलिया संभाल के, रामसेवक! म्हातारा झाला तरी चहाच्या दुकानात कुणी ना कुणी म्हणायचंच.

त्याची आई तर मरेपर्यंत आधी माझं ताट वाढायची, मग त्याचं.

आणि दर दसऱ्याला तो माझ्याकडे यायचा. इथे दसऱ्याला विडा देतात. तो विडा द्यायचा, मी त्याला आपट्याचं पान द्यायचो, मग तो माझ्या पाया पडायचा. माझ्याच वयाचा माणूस. मी आशीर्वाद द्यायचो. ऐकताय ना? दर वर्षी द्यायचो.

या दसऱ्याला तो आला तेव्हा त्याचे गुडघे पार गेलेले. विटांनीच गेले, दुसरं काय. विडा माझ्या हातात ठेवला आणि चौकट धरून वाकायला लागला. वाकवेना. तरी हट्टाने वाकत होता, ओठ दाबून. मी पाय मागे घेतले. म्हटलं, रामसेवक, राहू दे. तू पडत नव्हतास. मीच घाबरलो होतो. पाण्याला. म्हणून तुझा हात धरला.

तो अर्धवट वाकलेला तसाच राहिला. मला वाटलं मारेल. मारावं, असंही वाटलं. मग सावकाश सरळ झाला.

"माने हम ठीक कह रहे थे," तो म्हणाला.

एवढंच. इतकी वर्षं सगळे सांगत आले आणि त्याला स्वतःच्या पायांचंच खरं वाटेनासं झालं होतं. ते मी केलं. त्याची मुकादमी गेली ती गेलीच, पण हेही मीच केलं.

मग त्याने माझ्या हातातला विडा परत घेतला, स्वतःच्या तोंडात घातला आणि चावत चावत गल्लीतून निघून गेला. लंगडत, पण मान वर.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर मला लाज वाटेल. तुम्हाला खरं सांगू? मला हलकं वाटलं. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. त्या रात्री असा झोपलो की सुनेने येऊन नाकाशी हात धरून बघितलं म्हणे. पाप माझं, झोपही मलाच लागली — हे बरोबर नाही, मला कळतं. पण लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लक्ष्मी गेटच्या चहाच्या दुकानात गेलो. सगळे म्हातारे बाकावर होते, रामसेवकही होता, कोपऱ्यात. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी उभा राहूनच सांगितलं — पुलावर हा पडत नव्हता, मी भ्यालो होतो, याची शर्यत मी घालवली. मग एक जण मान डोलवत म्हणाला, "देखो भाई, इसको कहते हैं बड़प्पन. दोस्त की इज्जत के लिए अपने ऊपर ले रहे हैं." बाकीच्यांनी हात जोडले.

कोपऱ्यातून रामसेवक पहिल्यांदा हसला. फार कडू हसला.

मी बाकावर बसलो, चहा सांगितला, आणि ओरछा गेटपासून पुन्हा सगळं सांगायला लागलो.