स्वतःच्या वापरासाठी पंचवीस सिगार

सांगू की नको, सांगू की नको असं करत वर्ष काढलं. पण आता चहा समोर आलाच आहे आणि परदेशातून काय काय आणता येतं हा विषय तुम्हीच काढलाय, तर ऐका. फक्त एक करा, हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा.

मी मलकापूरच्या एका शाळेत बत्तीस वर्षं हेडक्लार्क होतो. अख्खं गाव मला बडेबाबू म्हणतं. माझी ख्याती दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घातलेलं नाही. म्हणून तर निवृत्त झाल्या झाल्या लोकांनी मला व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष करून टाकलं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे कागद. तोंडी बोलण्यावर माझा विश्वास नाही. कागद पाहिजे, कागदावर सही पाहिजे, सहीशेजारी शिक्का पाहिजे आणि त्या सगळ्याच्या तीन झेरॉक्स पाहिजेत. आमची बायको सुमन सांगत फिरते की लग्नात मी भटजींकडे सप्तपदीची पोच मागितली होती. साफ खोटं! मी फक्त मिळते का असं विचारलं होतं.

तर मागच्या वर्षी निलेशने, आमच्या मुलाने, आम्हा दोघांना महिनाभर दुबईला बोलावलं. समितीने माझ्या बॅगेत व्यसनमुक्तीची पन्नासेक पत्रकं टाकून दिली, तिकडेही प्रचार करा म्हणून. सगळी मराठीत! मी म्हटलं, ठीक आहे, आपलं काय जातं?

निघायच्या आदल्या दिवशी सोनाळ्याहून दादारावांचा फोन आला. दादाराव म्हणजे आमचे व्याही, आमच्या मुलीचे, पल्लवीचे सासरे. संत्र्याची मोठी बाग, मोठ्या मिशा आणि त्याहून मोठा आवाज. त्या दिवशी मात्र कुजबुजत होते.

"इवाई, एक काम होतं."

"बोला ना."

"तिकडे त्या जाड्या बिड्या भेटते म्हन्ते. पिच्चरमधला शेठ ओढते ना, तशा. सिगार."

"दादाराव, मी व्यसनमुक्तीचा अध्यक्ष हावो!"

"म्हनूनच तं तुमाले सांगून राह्यलो. तुमच्या बॅगेवर कोन शंका घेईन?"

मी उठून खोलीचं दार लोटून घेतलं.

"पन एक ध्यानात ठेवजा," आवाज आणखी खाली गेला. "आमच्या घरी कयलं नाई पाह्यजे. मांगच्या दिवाळीत तिनं बिडी सोडवाले मले नातवाच्या डोक्स्यावर हात ठेवाले लावला. तिले कयलं तं मले घरात घेनार नाई."

नातू त्यांचा तसा माझाही. विहीणबाईंचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. तिथे भडका उडाला असता तर त्याची धग आधी माझ्या पल्लवीच्या स्वयंपाकघरात पोचली असती. आणि मुलीच्या बापाने व्याह्याला नाही म्हणायचं तरी कसं? मी हो म्हटलं. कोणालाही सांगणार नाही असा शब्दही दिला.

दुबईत निलेशने पेटी घेऊन दिली. सुंदर लाकडी पेटी, आत पंचवीस सिगार. मी सुमनला सांगितलं, शाळेसाठी पेनं घेतलीत. तिला पेनांमध्ये रस नाही, त्यामुळे तिने उघडून पाहिली नाही.

"बाबा, पंचवीसपर्यंत न्यायला परवानगी आहे," निलेश म्हणाला. "मुंबईला उतरलात की कस्टमच्या ग्रीन चॅनेलमधून सरळ बाहेर पडा. कोणी काही विचारत नाही."

"हे कुठे लिहिलंय?"

"इंटरनेटवर आहे ना!"

"इंटरनेटवर शिक्का असतो का?"

पोराने कपाळाला हात लावला. पण सांगा, माझं काय चुकलं? उद्या कोणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडे काय होतं?

मुंबईला उतरलो. हिरव्या पाटीखालून लोक भराभर बाहेर चालले होते. लाल पाटीखाली, जिथे आणलेला माल दाखवायचा असतो, तिथे कोणीच नाही, फक्त एक साहेब टेबलाशी जांभई देत बसलेले. मी सुमनला ट्रॉलीपाशी उभं केलं, पेटी काखेत मारली आणि लाल पाटीखाली जाऊन नमस्कार केला.

"साहेब, माझ्याजवळ पंचवीस सिगार आहेत."

त्यांनी जांभई अर्ध्यावर थांबवली. पेटी उघडून सिगार मोजले. "चालतात. जा काका."

"तसं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"चालतात असं."

"अहो, काही भरायचं नाही, पावती कशाची देऊ?"

"मग निरंक द्या. आमच्या ऑफिसात काही नसलं तरी निरंकचा कागद लागायचा."

तुम्हाला वाटेल त्यांनी मला हाकललं असेल. हाकललंच! पण मी बत्तीस वर्षं सरकारी टेबलांशी झगडलेला माणूस. तीन वेळा बाजूला झालो आणि तीन वेळा पुन्हा जाऊन उभा राहिलो. चौथ्या खेपेला साहेबांनी कागद ओढला आणि इंग्रजीत लिहायला घेतलं.

"नाव?"

"पुंडलिक."

"सिगार कोणासाठी? स्वतःसाठी?"

इथे जीभ अडली. दादारावांचं नाव सरकारी कागदावर? छे! "हो, स्वतःसाठीच," मी म्हणालो. साहेबांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, सही केली आणि एक मोठा गोल शिक्का असा काही हाणला की टेबल हललं. काय सांगू, दुबईच्या उंच इमारतीपुढेही मला एवढं समाधान झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मलकापूरला गाडीतून उतरलो. माणूस आधी घरी जाईल, आंघोळ करेल. मी सुमनला रिक्षात बसवून दिलं आणि स्टेशनसमोरच्या गजाननच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरलो. गजानन आमच्याच समितीचा सचिव. माणूस सोन्यासारखा, फक्त इंग्रजी कागद दिसला की वाचायच्या ऐवजी हात जोडतो. तीन झेरॉक्स काढल्या, घडी घालून खिशात टाकल्या आणि घरी येऊन झोपलो.

मूळ कागद मशीनच्या झाकणाखालीच राहिला! हो, माझ्याकडून! ज्याने बत्तीस वर्षं लोकांना ओरडून सांगितलं की मूळ प्रत आधी उचला, त्याच्याकडून!

दुपारी जेवायला दादाराव आणि विहीणबाई हजर. परदेशातून आलेल्या व्याह्यांना भेटायला म्हणून सोनाळ्याहून मुद्दाम आलेले. जेवण होताच दादारावांनी मला डोळ्याने गच्चीची खूण केली. वर गेल्यावर पेटी दिली. त्यांनी उघडली, नाक आत घातलं आणि डोळे मिटले.

"इवाई, जिंदगी बनली! पन आज नेता येत नाई. गाडीत घरवाली बाजूले बसून राहीन. पुढच्या हप्त्यात एकटा येतो."

"बरं, माझ्या कपाटात ठेवतो," असं म्हणून मी गच्चीचं दार लावायला वळलो. तेवढ्यात त्यांनी काय केलं, हे मला संध्याकाळी कळलं.

खाली आलो तर सुमनच्या मोबाईलवर गजाननचा फोन. "काकू, बडेबाबूले पाच वाजता शाळेच्या हॉलमंधी घेऊन या. सत्कार हाय."

मला वाटलं, दुबईला जाऊन आलो म्हणून असेल. आमच्याकडे लोक हौशी आहेत. माझा मोबाईल चार्जिंगअभावी मेलेला, त्यामुळे समितीच्या ग्रुपवर काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. इस्त्रीचा सदरा घातला, व्याही-विहीणबाईंनाही बरोबर घेतलं आणि मिरवत निघालो.

हॉल भरलेला! समोर टेबल, टेबलावर शाल, नारळ आणि काहीतरी रुमालाने झाकलेलं. गजाननने माईक हातात घेतला.

"आपल्या बडेबाबूनं दुबईत जाऊन समितीचं नाव काढलं! आपली पत्रकं तिकडे वाटली. त्याची दखल घेऊन मुंबईच्या विमानतळावरच्या मोठ्या साहेबानं त्यायले हे सर्टिफिकेट देल्लं!"

आणि रुमाल उचलला. माझा कागद! लॅमिनेशन करून, सोनेरी फ्रेममध्ये बसवलेला. गोल शिक्का लांबूनसुद्धा ठळक दिसत होता.

तुम्ही म्हणाल, ग्रुपवर फोटो टाकला होता तर कोणी वाचला कसा नाही? अहो, ग्रुपवर वाचतं कोण? शिक्का दिसला, बडेबाबूंचं नाव दिसलं, टाकली फुलं. पाऊणशे लोकांनी अभिनंदन केलं होतं!

"आता आपल्या इंग्रजीच्या बाई हे सर्टिफिकेट वाचून दाखवतीन," गजानन म्हणाला.

मी उठून म्हटलं, "असू द्या, वेळ होईल." लोकांना वाटलं, केवढा हा विनय! टाळ्या पडल्या.

बाई शिकवतात फार छान. एक वाक्य इंग्रजीत, मग त्याचा सावकाश अर्थ. "प्रवासी श्री. पुंडलिक यांनी... पंचवीस सिगार..." इथे त्या थबकल्या. पण शिक्षकच त्या, धडा अर्धवट कसा सोडतील? "...स्वतःच्या वापरासाठी आणल्याचे स्वतःहून सांगितले आहे. परवानगी आहे."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच वर राहिले.

दादाराव पहिल्या रांगेत विहीणबाईंशेजारी बसले होते. त्यांनी मला गुडघ्याजवळ हळूच हात जोडले. एक शब्द बोललो असतो तर सुटलो असतो. पण पल्लवीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तेवढ्यात सुमन उठली.

"काऊन जी, ते पेनाची पेटी म्हन्ले ते हेच का?"

मला एकदम युक्ती सुचली. मी माईक ओढला. "हो, आणले! मुद्दाम आणले! परदेशी विष कसं दिसतं ते गावाला दाखवायला! आता याची इथेच होळी करायची!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! दादारावांचा चेहरा मात्र उतरला. सुमन तणतणत घरी गेली, कपाटातून पेटी आणून माझ्यासमोर आपटली. घर हॉलच्या मागेच आहे. सगळे अंगणात जमले. गजाननने काडी पेटवली.

इथपर्यंत मी वाचलो होतो हो. इथे गप्प बसलो असतो तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण बत्तीस वर्षांची सवय! तोंडातून निघून गेलं, "अरे, असंच कसं जाळता? पंचनामा नको?"

"बरोबर!" गजानन म्हणाला. काडी विझवली, कागद घेतला आणि बाईंनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... चोवीस.

"बडेबाबू, चोवीसच आहेत. सर्टिफिकेटवर तर पंचवीस लिहिलंय."

सगळ्या गावाने माझ्याकडे पाहिलं. मी दादारावांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या आतल्या खिशावर घट्ट दाबलेला होता.

"छातीत दुखून राह्यलं का जी?" विहीणबाईंनी घाबरून विचारलं.

"नाई, नाई, जराशीक गॅस."

मग मी काय करणार? घसा खाकरला आणि म्हणालो, "तो एक मी ओढला."

"कवा ओढला?" सुमन ओरडली. "मी तं पुरा महिना संग होती!"

"न्हाणीघरात."

गजाननने लिहून घेतलं. प्रामाणिक माणूस. "एक सिगार अध्यक्षांनी दुबई मुक्कामी न्हाणीघरात ओढला." खाली पाच पंचांच्या सह्या आणि माझी सही. समितीचा शिक्का पिशवीतून मीच काढून दिला.

मग होळी झाली. दादाराव सगळ्यांच्या पुढे, धुराच्या अगदी तोंडाशी उभे राहून लांब लांब श्वास घेत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विहीणबाई अभिमानाने शेजारच्या बाईला म्हणाल्या, "बिडी सोडल्यापासून यायले धूर सहनच होत नाई."

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. बागेत जाऊन पंचविसावा ओढला होता. "इवाई, काही मजा नाई आली. दोन झुरक्यांत ठसका लागला. बिडी बरी." म्हणजे कशासाठी मी एवढं केलं, सांगा!

अध्यक्षपदाचा राजीनामा मी लेखी दिला, तीन प्रतींत. समितीने तो परत केला. म्हणे, कबूल करणारा अध्यक्ष कुठे मिळतो? आता कुठल्याही शाळेत भाषणाला गेलो की गजानन माझी ओळख अशी करून देतो, "हे बडेबाबू. यायले सिगारचं भयंकर व्यसन होतं. चोरून न्हाणीघरात ओढत. पन जिद्दीनं सोडलं!" पोरं डोळे मोठे करून बघतात. परवा एका मुलीने विचारलं, आजोबा, सोडताना त्रास झाला का? मी सांगितलं, फार झाला.

सुपारीचं खांडही न खाल्लेला मी माणूस. पण कोणाला सांगू? कोणी ऐकलंच तर म्हणेल, कागद दाखवा. आणि पंचनाम्याचा कागद तर आहे ना! शिक्का आहे, खाली माझीच सही आहे, आणि त्याच्या तीन झेरॉक्ससुद्धा मीच काढून ठेवल्यात.