गोणीचा तळ आणि गाडीचं छप्पर

मला एक सांगा, विकणारा माणूस स्वतःहून म्हणाला, "शेट, हे एकदा नीट बघून घ्या," तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही? तुम्ही म्हणाल, ठेवायचा. तुम्ही सरळ माणसं! मी काजूचा व्यापारी. असलं वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. आणि त्या टवकारलेल्या कानांनी भर लग्नात माझी जी शोभा केली... थांबा, चहा घ्या आधी.

शाळा माझी लवकर सुटली. पुढचं शिक्षण गोणीनं केलं. गोणीचं तोंड उघडलं की वर दिसतात ते काजू पाहुण्यांना दाखवायचे. टपोरे, कोरडे, एकसारखे. खरा माल तळाला! म्हणून वरचा थर दाखवायला जो धडपडतो, त्याच्या गोणीत मी खांद्यापर्यंत हात घालतो आणि तळातली मूठ बाहेर काढतो. माझ्या या हाताला सगळा मालवण तालुका घाबरतो. निदान माझी समजूत तशी आहे.

तर माझा मित्र बस्त्यांव, हायस्कुलात मास्तर. त्याची मुलगी रोझी. लहानपणी टीव्हीवर बिनछपराची गाडी बघून मला म्हणाली होती, "काका, माका असल्या गाडीतसून लग्नाक जावचा आसा."

मी म्हटलं, "नेतंय गो!"

लहान पोराला शब्द द्यायला काय जातं? पण पोरगी मोठी झाली, लग्न ठरलं, आणि पत्रिका द्यायला आली ती हेच विचारत, "काका, गाडी खंय आसा?"

शब्द तो शब्द. गोव्याहून एका दिवसापुरती भाड्यानं आणता आली असती. पण व्यापारी डोकं गप्प बसतंय होय? म्हटलं, विकतच घेऊ, मग दर लग्नसराईत आपणच भाड्यानं देऊ.

कुडाळजवळ इनास म्हणून एक गृहस्थ राहतात. परदेशात गेलेल्या भावाची जुनी स्पोर्ट्स गाडी त्यांना विकायची होती. लाल रंग, दोनच सीट, कापडी छप्पर. मी गेलो तेव्हा छप्पर मागे दुमडून फणसाखाली उभी होती. काय दिसत होती म्हणून सांगू! मी मात्र चेहरा सुतकी ठेवला.

इनास म्हणाले, "शेट, पयला वरचा बघून घेवा. ह्या छप्पर जरा..."

वरचा! ऐकलंत? माझे कान उभे!

"छप्पर रवांदे," मी म्हटलं, "माका तळ दाखवा."

आणि पांढऱ्या शर्टासकट मी गाडीखाली आडवा झालो. आपल्याकडचा खारा वारा गाडीचा पत्रा खालून खातो, वर रंग मारून सगळं झाकता येतं. मी लोहचुंबक घेऊन गेलो होतो. ते जिथे चिकटत नाही, तिथे पत्र्याच्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. बॉनेटला हात लावून इंजिन थंड आहे ना ते बघितलं, कारण आधीच तापवून ठेवलेलं इंजिन कुणाचंही गोड सुरू होतं. चासीचा नंबर कागदाशी ताडला. गाडी गोवा पासिंगची, म्हणून तिथल्या आरटीओची एनओसी मागितली. एकेका टायरला चिमटे काढले.

"शेट, छप्पर लावन दाखवतंय," इनास पुन्हा म्हणाले. "दोनच मिनटां."

मी मनात म्हटलं, दाखव तू वरचा थर, मी बघेन हो! आणि गाडीखालून ओरडलो, "सायलेन्सर नवीन काय ओ?"

शेवटी भाव. मी असा आकडा सांगितला की माझी मलाच लाज वाटली. इनास म्हणाले, "चलात."

चलात! ना घासाघीस, ना रुसवाफुगवा. परत येताना वाटेत भेटेल त्याला गाडी थांबवून सांगत आलो, "असो पाडलंय भाव!"

घरी बायकोनं गाडीभोवती फेरी मारली. "ह्येका छप्पर खंय?"

"मागे दुमडलेला आसा."

"लावन बघितलात?"

"गो, मी तळ बघितलंय!"

तिनं दुमडलेल्या छपराला एक बोट लावून बघितलं आणि आत गेली. 

लग्नाची सकाळ. रोझी पांढऱ्या झग्यात, केसांची तर अशी रचना की बस्त्यांवसुद्धा लांबून बोलत होता. नवरी माझ्या शेजारी बसली. दोन सीटच्या गाडीत नवरीचा बाप कुठे बसणार, हा विचारही तळ बघताना राहून गेलेला! बस्त्यांव सूटबूट घालून मागून स्कूटरवर.

खाडीकडच्या वळणावर वारा आला. रोझीचा डोक्यावरचा जाळीदार वेल माझ्या तोंडावर, माझी गाडी रस्त्याच्या कडेला.

"काका, माझे केस! छप्पर लावा!"

बटण दाबलं. मागून आवाज आला, घूंऽऽ. मग तोही बंद.

"मेल्या बाबी!" मागून बस्त्यांव. "फादर वाट बघतहत! चर्चातली मिस सुरू होतली!"

आता काय करू? माझं गोडाऊन तिथेच. धावत जाऊन काजू झाकायची ताडपत्री आणली आणि पुढच्या काचेपासून सीटांच्या मागेपर्यंत दोऱ्यांनी बांधली. गाडी निघाली तशी ती शिडासारखी फुगली. आणि तिच्यावर हातभर अक्षरं: बाबीशेट काजू, एक नंबर माल!

आतून रोझी म्हणते, "काका, काजूचो वास येता."

"एक नंबर काजूचो आसा गो!"

चर्चच्या फाटकावर केटररचा माणूस उभा. त्यानं ताडपत्री वाचली आणि हात हलवला, "मालाची गाडी मागच्या दारान, हॉलाकडे!" बोलायला गेलो तर मागून पाव्हण्यांच्या गाड्यांचे हॉर्न. वळवली!

मागे आचारी झारा घेऊन तयार. "इले काजू? बरां झाला, पुलाव अडकलो हा!" आणि त्यानं ताडपत्री उचलली.

आत नवरी!

आचाऱ्यानं झाऱ्यासकट कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला.

इतक्यात हॉलमधून कोण यावं? इनास! नवऱ्या मुलाचे मामेभाऊ निघाले हो. आपली गाडी त्यांनी ओळखली. सरळ डिकी उघडली, आतली एक खिट्टी फिरवली, आचाऱ्याला दुसऱ्या बाजूला धरायला लावलं आणि छप्पर ओढून खट्कन बसवलं.

"ह्याच दाखवूक होतंय शेट. मोटर थकली हा, हातान लावचा लागता. म्हणान तर तुमी सांगितलात त्या भावाक गाडी दिलंय. छपराचे पैसे मी आधीच सोडले."

बस्त्यांव माझ्याकडे बघतोय. मी ताडपत्रीची घडी घालतोय.

रोझीनं आरशात बघितलं आणि हसत सुटली. "केस गेलेच, काका. आता काढा ता छप्पर! माका पुढच्या दारान जावचा आसा, आणि सगळ्यांनी बघूक व्हया!"

आणि गेली हो, दिमाखात, पुढच्या दारानं.

तेव्हा मंडळी, जुनी उघडी गाडी घ्यायला जाल तर तळ बघाच. पण छप्पर दोनदा उघडून लावून बघा, वर बादलीभर पाणी ओता, आणि विकणारा काही सांगत असेल तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. आणि हा किस्सा पुढे कुणाला सांगाल तेव्हा एक विनंती, हिशोब खरा ठेवा. भाव पाडल्याची जमा माझ्या नावावर धरली असेल तर ती खोडून इनासच्या नावावर घाला. माझ्या नावावर फक्त ताडपत्री राहू द्या. ती मी घेताना तळापासून वरपर्यंत तपासली होती!