हरमलची होडी आणि माझे मोठे टायर

निघताना नारळ फोडला मी, गाडीला हार घातला सरपंचांनी आणि पाणउतारा केला आमच्या सौभाग्यवती सुशीलाबाईंनी. सगळा गाव पिकअपभोवती जमलेला असताना त्या टायरांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अहो, एवढाले टायर बघून पूर भिऊन माघारी जाणार हाय व्हय?" लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं, पण मनातून चांगलाच चडफडलो. उभी हयात प्राथमिक शाळेत पोरांना गप्प बसवण्यात गेली, घरच्या माणसाला एकदासुद्धा गप्प करता आलं नाही.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, कृष्णेच्या काठावर. मागच्या मोठ्या पुरात आम्ही सगळे शाळेच्या स्लॅबवर दोन दिवस बसून होतो. होडी आली ती तिसऱ्या दिवशी, तीही दुसऱ्या गावची. तोवर कुणाची जनावरं दावणीलाच गेली, कुणाचं घर बसलं. सुशीला त्यानंतर नदीकडे फिरकलेली नाही, गणपती बोळवायलासुद्धा नाही. म्हणून गावानं ठरवलं की आता स्वतःची होडी आणायची, आणि पावसाच्या आत आणायची. गोव्यात पेडणे तालुक्यातल्या हरमलला पुंडलिक नावाचे एक म्हातारे मासेमार आपली फायबरची होडी चाकांच्या गाड्यासकट विकणार आहेत, असं कळलं. ग्रामसभेत प्रश्न निघाला, आणायची कशी? मी उठून उभा राहिलो आणि सांगून टाकलं, "माझी पिकअप ओढून आणंल." मला कुणी विचारलंही नव्हतं.

आता त्या पिकअपविषयी. निवृत्तीनंतर दुधाचे कॅन वाहायला घेतलेली, जुन्या धाटणीची गाडी. पुरानंतर मी तिला मापापेक्षा मोठे टायर घातले. चिखलात रुतायची नाही, पोट उंच राहील आणि दिसेलही झक्क, असा हिशेब. दिसायला झक्कच दिसली. पण त्या दिवसापासून तिची ओढ गेली. दुधाचे कॅन घेऊन साध्या बंधाऱ्याच्या चढाला खालचा गियर मागायला लागली. मग एका हायवेकडेच्या मिस्त्रीनं डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून दिला आणि म्हणाला, आता बघा ताकद. ताकद काही दिसली नाही, काळा धूर मात्र भरपूर दिसला. मी त्या धुरालाच ताकद समजून बसलो.

आजऱ्यावरून आंबोली घाट उतरलो तेव्हा गाडी अगदी वाऱ्यासारखी पळाली. उताराला काय, बैलाविना बैलगाडीसुद्धा पळते. पण मी स्टिअरिंगवर थाप मारून सुशीलेला म्हटलं, बघ. ती खिडकीतून दरी बघत राहिली. सावंतवाडी, बांदा, मग पत्रादेवीला गोव्याची हद्द. मे संपत आला होता. लाल माती, तांबड्या चिऱ्यांची कुंपणं आणि काजूच्या बागांत पडून आंबलेल्या बोंडांचा वास. पेडण्याच्या बाजारात सायकलवरून भोंपू वाजवत पोदेर (पाववाला) चालला होता. सुशीलेनं त्याच्याकडून उंडे (कडक कवचाचे गोल पाव) घेतले आणि हॉटेलात वाटाण्याच्या पातळ भाजीत बुडवून खाल्ले. चहा इथे कोपातून (काचेच्या पेल्यातून) देतात. तिनं तीन कोप चहा घेतला आणि कोल्हापूरच्या पावाला नावं ठेवली. मला ते आवडलं नाही, पण उंडे मीही चार खाल्ले.

हरमलला पुंडलिकबाब (बाब म्हणजे आपल्याकडचं राव) वाट बघत होते. सत्तरीचा माणूस, अंगावर बनियन, खांद्यावर पंचा, आवाज एकदम मऊ. मुलानं घराच्या मागच्या खोल्या पर्यटकांना भाड्यानं दिलेल्या, समुद्रावर जायला घरात आता कुणी नाही. त्यांनी होडीवरचं ताडपत्रीचं पांघरूण काढलं आणि तिच्या कडेवरून हात फिरवत राहिले. जेवताना हुमण (माशाची आमटी) आणि भात वाढला, आणि होडी कुठे जाणार, नदी केवढी, पाणी किती चढतं, असं सगळं खोदून विचारलं. गावाची हकिकत ऐकली तेव्हा जेवता जेवता थांबले. दुसरं एक गिऱ्हाईक शॅकपुढे (किनाऱ्यावरच्या हॉटेलापुढे) शोभेला ठेवायला होडी मागत होतं, त्याला त्यांनी नकार दिला होता. मला म्हणाले, "मास्तर, माझी होडी माणसां वाटावतली (वाचवणार), तर ती तुमचीच. फक्त पावसाआदी व्हरा (न्या)."

आणि मग माझी फटफजिती झाली. त्यांच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एक चढाची गल्ली आहे, फार तर शंभर पावलांची. होडीचा गाडा मागे जोडला, पहिला गियर टाकला, क्लच सोडला. गाडी दहा पावलं गेली आणि धापा टाकू लागली. अजून दाबलं तर काळा धूर, क्लच जळाल्याचा वास आणि इंजिनाच्या तापाचा काटा लाल रेघेवर. मागे भाड्याच्या स्कूटरवाल्यांची रांग लागली. चौथ्या प्रयत्नाला गाडी बंद पडली, ब्रेक धरेपर्यंत मागे घसरली आणि होडीचा गाडा पुंडलिकबाबांच्या शेजाऱ्याच्या माडाला जाऊन टेकला. होडीला काही झालं नाही, माझ्या तोंडचं पाणी मात्र पळालं. शंभर पावलांची गल्ली चढेना आणि पुढे आंबोली घाट होता. मी रागानं टायरला लाथ मारली आणि पायाचा अंगठा दुखवून घेतला.

पुंडलिकबाबांनीच वाट दाखवली. त्यांचा भाचा पूर्वी डिचोली तालुक्यात पाळीला लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवायचा. तिथं बाबल मिस्त्री आहे, त्याच्याकडे जा, त्याला चढाची विद्या आहे, असं ते म्हणाले. होडी तिथंच ठेवून आम्ही म्हापसा, डिचोली, साखळी करत पाळीला पोचलो. वाटेतली झाडं अजूनही खाणीच्या धुळीनं तांबूस आहेत. एके काळी इथून मातीनं भरलेले ट्रक रांगेनं नदीवरच्या धक्क्याला जायचे आणि तिथून बार्जमधून माल मुरगावच्या बंदराला. खाणी बंद पडल्या त्याला बरीच वर्षं झाली, आता कुठे थोडी हालचाल सुरू झालेली. बाबल मिस्त्रीच्या गॅरेजामागे जुन्या गाड्या उभ्या होत्या, काहींच्या बॉनेटवर वेल चढलेले.

मिस्त्री मूळचा दोडामार्गचा, बाप खाणीच्या कामाला इथं आला तो इथलाच झाला. बारीक चणीचा, कमी बोलणारा. मी त्याला सांगितलं, इंजिनात दम नाही, आणखी डिझेल वाढवून द्या. त्यानं धूर बघितला, टायर बघितले, एक चक्कर मारून आणली आणि म्हणाला, "इंजिनाक कायएक झालेला नाय, मास्तर. टायर मोठे घातलात, पण मागचो गियर तोच ठेवलात. डोंगर चढताना कोण लांब टांगा टाकता? बारीक पावलां टाकूची लागतत."

एवढ्या चार वाक्यांत माझं सगळं शहाणपण उतरलं. टायर मोठा झाला की चाक एका फेऱ्यात जास्त लांब जातं, म्हणून इंजिनाला तेवढा जास्त जोर लागतो. इंजिन तेच, पाऊल लांब. उपाय म्हणजे मागच्या धुरीतल्या दातांच्या चाकांची जोडी, क्राउन-पिनियन, बदलायची आणि अशी घालायची की इंजिन जास्त फिरेल पण गाडी बारीक पावलं टाकेल. वर्गात मी पोरांना परीघ शिकवला होता. आयुष्यभर शिकवला आणि स्वतःच्या गाडीला लावला नाही. मी हे बोलून दाखवल्यावर सुशीला इतकी हसली की मिस्त्रीच्या बायकोनं तिला बसायला खुर्ची आणून दिली.

वेल चढलेल्या गाड्यांत एक पिकअप होती. पूर्वी ती खाणीच्या वरच्या टप्प्यावर डिझेल पोचवायची, तिच्या पिनियनला माझ्या गाडीपेक्षा एक दात कमी होता, म्हणजे पाऊल तेवढं बारीक. मिस्त्रीनं त्याच गाडीची जोडी काढली. पंपाचा स्क्रू मागे फिरवला, जळका क्लच बदलला आणि बंपरला लावलेला माझा ओढण्याचा हूक बघून कपाळाला हात लावला. तो काढून त्यानं नवा हूक चॅसीला बोल्टांनी घट्ट बसवला. रात्री आम्ही त्याच्याकडेच राहिलो.

सकाळी गॅरेजात गेलो तर मिस्त्री एका डबीतून शेंदूर काढून तेलात कालवत होता. मग ब्रशनं तो शेंदूर त्यानं गियरच्या दातांना लावायला घेतला. मला वाटलं, नव्या गियरची पूजा चालली आहे. मी चपला काढल्या, हात जोडले, सुशीलेला पदर घ्यायला लावला आणि डोळे मिटून उभा राहिलो. बराच वेळ घंटा वाजेना म्हणून डोळे उघडले, तर मिस्त्री माझ्याकडे बघत होता. "पूजा नाय ही, मास्तर," तो हळूच म्हणाला. "दात खंय (कुठे) घासतत ता बघतंय." गियर फिरवला की दात जिथे एकमेकांवर टेकतात तिथला शेंदूर पुसला जातो. तो दाताच्या काठाला पुसला गेला तर जोडी नीट बसलेली नाही, मधोमध पुसला गेला तर बसली. मिस्त्रीनं तीनदा खोललं, पातळ पत्र्या सरकवल्या, पुन्हा बसवलं. चौथ्या खेपेला खूण बरोबर मध्ये उमटली. मग मात्र त्यानं हात पुसून त्या गियरला खरोखरच नमस्कार केला. सुशीला मला म्हणाली, "आता घाला नमस्कार डोळे मिटून."

मला वाटलं, झालं काम, निघावं. पण खाणीच्या मुलखात रिकाम्या गाडीची परीक्षा कुणी धरत नाही. मिस्त्रीनं हौद्यात चिरे रचले आणि मला जुन्या खाणीच्या चढावर नेलं. तिथला रिवाज असा की भरलेली गाडी अर्ध्या चढावर पूर्ण थांबवायची आणि तिथून परत उचलायची. गाडी घसरलीच तर चाकाखाली टाकायला मागून एक माणूस लाकडाचा ठोकळा घेऊन चालतो. मिस्त्रीनं तो ठोकळा सुशीलेच्या हातात दिला. मी म्हणालो, तिला कशाला? तो म्हणाला, ठोकळो घरच्या माणसाच्या हातात असलो की डायवर नीट चलयता. मी अर्ध्यावर गाडी थांबवली. आरशात सुशीला दिसत होती, पदर खोचलेला, ठोकळा दोन्ही हातांत. क्लच सोडला. गाडी एक इंचही मागे न जाता उचलली, धूर नाही, कुरकुर नाही, बारीक बारीक पावलं टाकत माथ्यावर जाऊन उभी राहिली. मी खाली उतरून मिस्त्रीला मिठी मारली, त्याचा सदरा आणि माझा सदरा दोन्ही ग्रीसनं माखले.

हरमलच्या गल्लीत त्या दिवशी लोक गंमत बघायला जमले होते, आदल्या दिवसाची कीर्ती पसरलेली होती. एका दमात होडी मोठ्या रस्त्यावर आली. पुंडलिकबाब मागून चालत आले, होडीच्या नाकाला हात लावला आणि घरात गेले.

आंबोली घाटात खरी घटका आली. ऐन वळणावर वरून एसटी उतरली, मला चढावर थांबावं लागलं. मागे गाड्यांची रांग, बाजूला दरी, पाठीशी गावाची होडी. हॉर्न वाजायला लागले. मी कुणाकडे बघितलं नाही, घाई केली नाही, पाळीच्या चढावर केलं तसंच केलं. गाडी उचलली. एसटीच्या डायव्हरनं जाता जाता हात वर केला. माथ्यावर पोचून चहा घेतला तेव्हा सुशीला म्हणाली, "टायर तसे वाईट नाहीत तुमचे." आमच्या संसारात यापेक्षा मोठी शाबासकी मला मिळालेली नाही.

दुसऱ्या दिवशी हलगी वाजवत होडी नदीवर नेली. सगळा गाव घाटावर. पाण्यात उतरवली, ती डुलत उभी राहिली, आणि पहिलं कोण बसणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले. गर्दीतून सुशीला पुढे आली. साडी सावरली, एका हातानं कड धरली आणि आत जाऊन बसली. नावाड्याला म्हणाली, मधोमध ने. होडी मधल्या धारेपर्यंत गेली. तिथून तिनं मला हाक मारली, "या की. भ्यालासा व्हय?"

लोक हसले. मी हसलो नाही, कारण ते खरं होतं. त्या स्लॅबवर दोन दिवस मीही भ्यालो होतो, तिच्यापेक्षा जास्त, आणि आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ते टायर चिखलासाठी नव्हते आणि दिसण्यासाठीही नव्हते. पाण्यापासून हातभर उंच बसायला मिळावं म्हणून मी ते घातले होते. ही होडी जन्मभर शेडमध्ये पडून राहो, तिची गरजच न लागो, एवढंच देवाकडे मागणं आहे. होडी काठाला आली, सुशीलेनं सरकून जागा केली आणि मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.