होडीतलं इंग्रजी

लग्न होऊन बांद्याहून देवबागला आले तेव्हा मी शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि त्याचा मला बऱ्यापैकी माज होता. सासरे पर्यटकांना होडीतून खाडीत फिरवायचे. त्यांच्या इंग्रजीत शब्द तीनच, प्रॉब्लेम, टेन्शन आणि हेडेक. होडी वाळूत रुतली की हेडेक, वारा फिरला की टेन्शन. एकदा मी शहाणपणा करून सांगितलं, की किरकोळ कटकटीला हॅसल म्हणतात, पिच्छा न सोडणाऱ्या त्रासाला न्यूसन्स. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, होडीत बुडणं, मरणं असलं काही आपल्या भाषेत बोलायचं नसतं, दर्याला ती कळते. इंग्रजी कळत नाही. मला हसू आलं, आणि मी ते दाबलंही नाही.

गेल्या डिसेंबरात सुट्टी होती म्हणून मीही होडीत चढले. पाहुणे म्हणजे बंगळूरचं एक जोडपं आणि त्यांची लहान मुलगी. संगमाजवळ इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात जाळ्याचा तुटका दोर अडकला आणि इंजिन बंद पडलं. ओहोटीला भलताच जोर होता. ती आम्हाला खाडीच्या तोंडाकडे, जिथे लाटा फुटतात तिकडे, ओढायला लागली. सासऱ्यांनी नांगर टाकला, पण तो वाळूत धरेना, नुसता घसरत राहिला.

"थोडो हेडेक आसा," ते म्हणाले आणि सुरी घेऊन पंख्यावर ओणवे झाले.

मुलीच्या आईने मला विचारलं, धोका आहे का. माझ्याकडे सासऱ्यांपेक्षा हजारो शब्द जास्त होते. खरा शब्द ओठांपर्यंत आला, पण उच्चारायची छाती होईना. "जस्ट अ हॅसल," मी म्हटलं. तिला ते पटलं. लाटांचा आवाज आता जवळून येत होता आणि सासऱ्यांचा चेहरा मात्र रोजचाच, होडी रुतल्यावर असतो तसा. दोर कापताना त्यांचा हात एकदाही चुकला नाही. एवढी भीती एका फुटकळ शब्दात बांधून ठेवून माणूस काम करू शकतो, हे बघून मी थक्क झाले. थोड्या वेळाने इंजिन सुरू झालं.

किनाऱ्यावर पाहुणे फोटो काढून, आभार मानून गेले. सासरे पाण्यापासून लांब, माडाखाली जाऊन बसले. मी पाणी नेऊन दिलं, तो अख्खा तांब्या त्यांनी एका दमात रिकामा केला. मग ते हळूच म्हणाले,

"बाय, माका वाटला आज बुडतलव."