लेकर्लीच्या पिठावरचे दोन हात

गेल्या नाताळात एका मैत्रिणीनं मला पत्र्याच्या डब्यातून चार बिस्किटं दिली. चौकोनी, तपकिरी, वर साखरेच्या पाकाचा पांढुरका पापुद्रा. आधी चिवट लागलं, मग तोंडभर मध, लवंग आणि मुरलेली संत्र्याची साल. नाव लेकर्ली. मूळची स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराची, पण माझ्या हातातली आली होती दौंडहून. तिथल्या रेबेकामावशी तरुणपणी एका मिशन दवाखान्यातल्या स्विस नर्सकडे स्वयंपाकाला होत्या. नर्स मायदेशी गेली, कृती मावशींकडे राहिली.

मी श्रावणात त्यांना फोन केला. "आजच पीठ मळलंय," त्या म्हणाल्या. "मधाचं पीठ लगेच भाजायचं नसतं. झाकून ठेवायचं, मुरू द्यायचं. डिसेंबरात ये, तुझ्यासमोर भाजते."

डिसेंबरात फोन त्यांच्या यजमानांनी, डॅनियलकाकांनी उचलला. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. "शनिवारी ये पोरी. ती म्हणते, येताना न्हावऱ्याच्या आप्पांकडून दोन किलो मध आण."

शनिवारी सात वाजता पुण्याहून स्कूटर काढली. शिक्रापूरपर्यंत नगर रस्त्याची गर्दी, तिथून उजवीकडे तळेगाव ढमढेरे. तिथं मिसळ खाऊन घ्या, पुढे नीट काही मिळत नाही. न्हावऱ्यापर्यंत सध्या उसाचे ट्रॅक्टर. ओव्हरटेक करताना लक्षात ठेवा, एकामागे दोन ट्रॉल्या असतात.

आप्पांच्या मधाच्या पेट्या शेवग्याच्या बागेत, ओळीनं मांडलेल्या. दौंडच्या रेबेकामावशींसाठी मध हवाय म्हटल्यावर आप्पा माझ्याकडे बघतच राहिले.

"कुणी धाडलं तुम्हाला?"

"मावशींनीच. काकांकडून निरोप दिला."

"बाई गेल्या की," आप्पा म्हणाले. "दिवाळीच्या आदी. मी सोता मातीला गेल्तो."

मी फोनवरचं वाक्य पुन्हा आठवून पाहिलं. ती म्हणते.

आप्पांनी मला शेवटच्या पेटीपाशी नेलं. "बाई दर वर्षी ह्याच पेटीचा मध न्यायच्या. त्या गेल्या त्या आठवड्यात माश्या उठून गेल्या. एक मेलेली माशी न्हाई, कीड न्हाई. मध हाय तसा." त्यांनी झाकण उचललं. पोळी भरलेली होती, आणि आत एवढीशीही हालचाल नव्हती. इतक्या मधाला मुंगीसुद्धा नव्हती. बाकीच्या पेट्या घुमत होत्या. ह्या एकीसमोर उभं राहिलं की कान बंद झाल्यासारखे वाटायचे.

"ह्यातलाच न्या," आप्पा म्हणाले. "दुसरं कुणी घेईना."

त्यांनी नेहमीचा, किलोला पाचशे असा भाव लावला. मध शेवग्याचा, फिकट आणि दाट.

खरं सांगते, मागे फिरावंसं वाटलं होतं. पण मध काकांचा होता. भीमेच्या पुलावरून चौफुला, मग सोलापूर हायवेनं वरवंड, पाटसहून डावीकडे दौंड. रस्ता उत्तम आहे, तासाभराचा. माझ्यासाठी तो फार लवकर संपला.

काका दारातच उभे होते. उंच, रुंद पंजांचे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "आप्पांनी सांगितलं असेल. 'ती म्हणते' नव्हे, 'ती सांगून गेली' असं म्हणायला हवं होतं मी. तोंडातून येत नाही ते. आणि खरं सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

स्वयंपाकघरात भर दुपारचं ऊन होतं, तरी फरशी गार. ओट्यावर चिनी मातीचं रुंद भांडं होतं. काकांनी त्यावरचं फडकं काढलं. तपकिरी, तुकतुकीत पीठ, आणि त्यावर पंज्याचा ठसा. उजवा हात, अरुंद. अनामिकेचं टोक नाही.

"लहानपणी अडकित्त्यात गेलं होतं तिचं," काका म्हणाले. "पीठ मळून झालं की वर हात दाबायची. खूण म्हणून."

त्या ठशाच्या शेजारी दुसरा ठसा होता. तोही उजवा. तोही अरुंद. त्यालाही अनामिकेचं टोक नव्हतं.

"मातीहून आलो त्या दिवशी मी हे उघडलं," काका हळूच म्हणाले. "तेव्हा एकच होता."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. त्यांचा पंजा त्या ठशात मावलाच नसता.

"भाजायचं म्हणून रोज फडकं काढतो नि परत झाकतो. लाटलं, तर ही जागाच राहणार नाही. मग ती कुठं येणार?"

मी मध ओट्यावर ठेवला. म्हटलं, "काका, नको असेल तर नको. मी मध ठेवून जाते."

त्यांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग बाह्या वर केल्या. "नाताळाला न भाजता ठेवलं, तर ती मला कधी माफ करणार नाही." आणि दोन्ही तळवे ठशांवर ठेवून त्यांनी सगळा भार टाकला. पीठ घट्ट होतं. दबताना त्यातून हवा सुटल्याचा आवाज आला, लांब, थकलेला. काका थांबले. मग पुन्हा दाबू लागले.

आम्ही लाटलं, भाजलं, गरम असतानाच वरून पाक फिरवला आणि चौकोन कापले. वास गल्लीत गेला तशी शेजारची दारं उघडली. एक बाई उंबऱ्याशी आली, छातीवर क्रूस केला आणि विचारलं, "मावशी आल्यात का?"

"बिस्किटं न्यायला ये संध्याकाळी," काका म्हणाले.

निघण्याआधी त्यांनी मला नवं पीठ मळायला लावलं, त्या रिकाम्या पेटीच्या मधाचं. "ती श्रावणात मळायची. पण तोवर माझा भरवसा नाही." मळून झालं तसे वाकून बघत म्हणाले, "वरून सपाट कर. एकदम सपाट. एक बोटसुद्धा उमटू देऊ नकोस." मग स्वतः फडकं बांधलं.

परतीचा रस्ता मला आठवत नाही. उजेडात घरी पोचले एवढं खरं. डबाभर लेकर्ली आणल्या होत्या. पहिले दोन दिवस दगडासारख्या, मग मऊ होत गेल्या. इतकं चांगलं मी क्वचितच काही खाल्लंय.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी काकांना फोन केला. गल्लीत सगळ्यांना वाटून झाल्या म्हणाले. आवाज बरा होता. मी धीर करून विचारलं, "नवं पीठ उघडून पाहिलंत?"

"नाही," ते म्हणाले. "आणि तू पण विचारू नकोस."

काकांनी उरलेला मध बरोबर दिला होता, त्यात मी घरी थोडं पीठ मळून ठेवलंय. भांडं ओट्याच्या कोपऱ्यात आहे, पीठ वरून सपाट केलेलं, फडकं बांधलेलं. सकाळी दूध तापवताना मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहते.