लोणच्याच्या बरणीतला समुद्र

भोपाळात तलाव हवे तेवढे, पण समुद्र फक्त आमच्या वरच्या क्वार्टरमधल्या सरांकडे होता, तोही लोणच्याच्या बरणीत. सर टाउनशिपच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. बायको गेल्यावर त्यांनी फ्रिजमधली भाजी बाहेर काढली अन् तिथं खाऱ्या पाण्यात समुद्राचं तपकिरी शेवाळ पाळलं. येईल त्याला चहाआधी ते दाखवायचे. दूधवाला बिचारा रोज मान हलवायचा, "सरजी, आज तो बडा हो गया." मला मात्र समजेपर्यंत समजवायचे, अन् मी चौथीत दोनदा बसून तिथूनच परत आलेला माणूस.

"अरे, तुमच्या कारखान्यातल्या स्टोअरच्या कपाटाला दोन चाव्या लागतात ना? तसे याचे दोन जीन. दोन्ही लागले की पोर आईबापापेक्षा वेगळंच निघतं, अन् नात पुन्हा आजीवर जाते. या बरणीतल्याची एक चावी मोडलीय. म्हणून पोर दरवेळी आईबापासारखंच."

"म्हणजे आमच्यासारखं. बाप कारखान्यात खलाशी, म्हणजे ओझी उचलणारा हेल्पर, मीपण खलाशी."

"तू बापाइतकाही नाहीस," सर म्हणाले. शास्त्राच्या बाबतीत ते खोटं बोलत नसत.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते लेकीकडे नागपूरला गेले, तेव्हा बरणी माझ्याकडे ठेवली. "एवढीच उरलीय रे. ही गेली की संपलं." दिवाळी तोंडावर होती. लग्नानंतर पहिल्यांदाच मी साफसफाईला हात लावला, अन् पहिलीच घासली ती ही बरणी. लखलखीत केली.

"अहो, जन्मात एक भांडं घासलंत, ते हेच?" बायको म्हणाली.

आमच्या आठवीतल्या लेकीनं, चिंगीनं, माझ्या हातातली घासणी हिसकावली, चिमट्यानं तिच्यातले तपकिरी धागे एकेक काढले अन् सरांनी ठेवलेल्या खाऱ्या पाण्यात सोडले. त्यानंतर मला आमच्याच फ्रिजजवळ कुणी फिरकू दिलं नाही.

सर आले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला भिंग. बरणीच्या तळाशी राईएवढे चार पुंजके धरले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "घासलीस ना?"

"हो सर."

"वाचवली कुणी?"

मी चिंगीकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून सर चहाआधी तिलाच हाक मारू लागले.

रिटायर झाल्यावर सरांचं क्वार्टर सुटलं. सर नागपूरला गेले, बरणी चिंगीला देऊन. वर आता दुसरे लोक राहतात, त्यांच्या फ्रिजमध्ये भाजी असते. परवा सरांचा फोन आला.

"शेवाळ कसं आहे?"

"तसंच, आईबापासारखं."

"आणि चिंगी?"

"ती माझ्यासारखी बिल्कुल नाही हो सर."

"मग तुमच्याकडच्या दोन्ही चाव्या शाबूत आहेत रे."

फोन ठेवून मी उगाच बरणी काढून बघितली. घासली नाही.